आईचा परतीचा डबा

फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. रविवार होता, आईसाठी त्यांचं तिखलं करून न्यायचं होतं. बोरिवलीच्या वृद्धाश्रमातल्या सिस्टर म्हणाल्या, "ताई, आजी चहा पिऊन जरा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत." मी हात धुतले आणि मासे झाकायला ताटली शोधत राहिले. आता ते कोण खाणार होतं... महिना झाला, पण मला अजून एका जागी बसवत नाही.

गेल्या वर्षी आईला तिथे नेलं. भांडुपच्या घरी दोनदा गॅस उघडा राहिला, एकदा ती मुलुंडला कुणाच्या तरी जिन्यात सापडली. भाऊ म्हणाला, "तूच ठरव ना यार, मला नाही जमत." म्हणजे वाईटपणा माझ्या वाट्याला. टॅक्सीत आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. "खंय व्हरतंस माका?" मी डॉक्टर, तपासणी असं काहीबाही पुटपुटले. पहिले काही महिने ती पिशवी भरून दाराशी बसायची. "ह्यां माजां घर न्हय," एवढंच बोलायची. तिखलं मात्र चाटूनपुसून संपवायची आणि डबा माझ्याकडे सरकवून तोंड फिरवायची. मीही चिडायचे. इतकं करून वर मीच वाईट?

मग एका रविवारी परत आणलेला डबा पिशवीत वाजला. उघडला तर चहाबरोबर मिळणारी दोन बिस्किटं, कागदी रुमालात गुंडाळलेली. पुढच्या खेपेला अबोलीची फुलं. एकदा चक्क शेजारच्या खाटेवरच्या आजींची कवळी, जिच्यासाठी तिकडे सगळे पलंग हलवून झाले होते. मी वैतागून विचारलं, "आई, हे काय गं?" ती हसली. "रिकामो डबो धाडूक नये, सावंतीण."

सावंतीण ही आमच्या जुन्या चाळीतली शेजारीण. तिचा डबा आईनं कधी रिकामा परत केला नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आता मीच सावंतीण झाले होते. मला फार लागलं ते. पोटची मुलगी शेजारीण झाली, आणि भांडायचं तरी कुणाशी?

शेवटच्या रविवारी तिनं डबा दिलाच नाही. मी हात पुढे केला तर तिनं तो पदराखाली घेतला. "आज ऱ्हवांदे. घालूक घरात काय नाय. फुडल्या आयतवारी देतंय." मी घाईत होते, बरं म्हणून निघाले. ती 'घरात' म्हणाली, हे मला तिच्यामागे तिचं सामान आणायला गेले तेव्हा आठवलं. सिस्टरनी तो डबा हातात दिला, घासून लख्ख केलेला. मी गेटपाशीच उभ्या उभ्या झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

तो डबा अजून ओट्यावरच आहे. कपाटात ठेवायला नेते आणि परत आणते. रिकामा ठेवायचा नाही म्हणून चिमूटभर साखर घातली आहे. तिला मुंग्या लागतात. मग डबा पुसते, आणि पुन्हा साखर घालते.