मागे चालणारी कबड्डी टीम

जिंकणाऱ्या टीमचं बरं असतं. त्यांचे कप कपाटात जाऊन बसतात आणि विषय संपतो. आमच्यासारख्या हरणाऱ्या टीमकडे कप नसतात, किस्से असतात, आणि ते ठेवायला कपाट मिळत नाही. ते पानठेल्यावर पडून राहतात. कुणीही येतो, एखादा उचलतो, थोडं तिखटमीठ लावतो आणि पुढच्याला देतो.

आमचं गाव मूल आणि सावली या दोन गावांमधल्या रोडवर. चौदा वर्षं मी गावच्या कबड्डी टीमचा लेफ्ट कॉर्नर आणि मंडळाचा सेक्रेटरी आहे, आणि दिवसा मूलच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. माल घेऊन कुणी आलं, की धानाचं बोलणं राहतं बाजूला. पहिला प्रश्न येतो, "मागं चालणारी टीम तुमचीच ना गा?"

आमचीच! आता सगळं एकदाच सांगून टाकतो. निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं असेल.

*

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, पाहुणे, रात्रीचं नाटक आणि दुपारी कबड्डी. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची एखादी बांधी, म्हणजे शेताचा तुकडा, कापून मोकळी झालेली असते. तिलाच पाणी मारायचं, चोपायचं, चुन्याच्या लाईनी मारायच्या, की ग्राउंड तयार. चारी बाजूंनी बांधीचा धुरा असतोच, म्हणजे मातीचा बांध. लोक त्यावर बसून मॅच बघतात.

तर अशाच एका मंडईला आम्ही सकाळी दहाला पोचलो. स्वागत झालं, चहा झाला. स्वयंपाकाच्या मांडवात फळ्यावर सगळ्या टीमची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे दोन खुणा. एक दुपारच्या जेवणाची, एक संध्याकाळच्या. आमच्या गावापुढे एकच खूण!

मी स्वयंपाक्याला विचारलं, "काऊन गा, आमी संध्याकाळी नाई जेवत का?"

तो बिचारा अगदी प्रेमाने म्हणाला, "तवापर्यंत तुमी घरी पोचता ना, भाऊ!"

पोचलोच. साडेचारला.

*

देवाजी आमचा कॅप्टन. चाळिशीला टेकलेला, अंगाने काटक आणि स्वभावाने इतका गरीब, की पकड केल्यावर समोरच्याला "लागलं नाई ना?" म्हणून विचारतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या मंडईत, पहिल्याच राऊंडला, शेवटची रेड देवाजीची होती. आम्ही एका पॉइंटने मागे. देवाजीने जाऊन दोघांना हात लावला आणि समोर तोंड ठेवून तो मागे मागे यायला लागला. मधली लाईन हातभर राहिली होती. नुसता आडवा पडला असता तरी जिंकलो असतो! पण लाईन किती राहिली ते बघायला त्याने मान वळवून मागे पाहिलं. तेवढ्यात त्यांच्या कॉर्नरने त्याचा घोटा धरला.

त्या दिवसापासून देवाजी रस्त्याने निघाला, की कुणी ना कुणी सायकलवरून ओरडणार, "देवाजी, मागं पाह्य!" शेवटी त्याची बायको शकुंतला मॅच बघायला यायची बंद झाली. आणि देवाजी रेड टाकायचा बंद झाला. कॅप्टन असून तो कोपऱ्यात उभा राहायला लागला.

गेल्या उन्हाळ्यात तो मला म्हणाला, "या साली आपल्या मंडईत पयला राऊंड नाई निघाला, तं मी जर्सी धुऊन तुह्या घरी आणून देतो. एवढ्या वयाच्या माणसानं किती दिवस हासू करून घ्याचं?"

मला फार वाईट वाटलं. कारण त्या दोन वर्षांत सायकलवरून ओरडणाऱ्यांत एकदा मीही होतो.

*

जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात मंडळाची मीटिंग झाली. जुन्या मॅनेजरने हात जोडून राजीनामा दिला होता. नवीन कोण, म्हटल्यावर सगळे फरशीकडे बघायला लागले.

तेवढ्यात कुसुमबाई आल्या. कुसुमबाई म्हणजे आमच्या गावच्या रोवण्याच्या गँगच्या लीडर. पावसाळ्यात वीस बाया घेऊन त्या या बांधीतून त्या बांधीत जातात. धानाचे परे, म्हणजे रोपं, चिखलात लावायचे. तेही ओळीने, वाकून, आणि मागे मागे चालत. त्या आल्या होत्या शाळेमागच्या बांधीची चौकशी करायला. आमचं रडगाणं त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाल्या, "सात जण हात धरून उभे राह्यता, अन् एकाचा पाय दुसऱ्यासंग नाई उचलत. माह्या वीस बाया दिवसभर चिखलात मागं चालते. एक बी दुसरीवर नाई पडत!"

आमचा मुख्य रेडर सुखदेव. त्याला झोंबलं. "मंग तुमीच व्हा ना मॅनेजर!"

सगळे हसले. कुसुमबाईंनी पदर खोचला आणि माझ्या हातातल्या रजिस्टरकडे बोट दाखवलं. "लिव्ह नाव."

मी लिहिलं. हसत हसत लिहिलं, पण पेनाने लिहिलं!

*

मॅनेजरची पहिली ऑर्डर आली, "उद्या सहा वाजता बांधीत या. जर्सी नोका घालू, चिखल लागते."

आम्हाला वाटलं, पळायला लावतील. त्यांनी आमच्या हातात पऱ्यांच्या पेंड्या दिल्या! सात पुरुष एका ओळीत, कमरेत वाकलेले, दोन्ही बाजूंना बाया. परे लावायचे, पाऊल मागे टाकायचं, पुन्हा लावायचे. शेजाऱ्याच्या पुढेही जायचं नाही आणि मागेही राहायचं नाही. जो मागे वळून पाहील त्याच्या पाठीत कुसुमबाईंचा चिखलाचा गोळा! पहिल्या दिवशी देवाजीची पाठ दिसतच नव्हती.

"बाई, पण धुरा कुठी आला ते पाह्याले नाई पाह्यजे का?" तो कळवळून म्हणाला.

"डोये पऱ्यावर ठेव. धुऱ्याजवळ माती कडक होते, टाचेले समजते. धुरा लागला का मंग पाह्य मागं."

आठ दिवसांनी बांधीचा मालक आला. बायांनी लावलेला भाग त्याने डोळे भरून पाहिला. मग आमच्या भागाकडे वळला आणि धुऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. शेवटी म्हणाला, "लावलं तं लावलं. पण कापाले बी तुमीच या गा. तिथून कसं जाचं ते दुसऱ्या कोणाले नाई समजणार!"

*

सुखदेवचं दुखणं वेगळं होतं. पायात वारं, हात लांब, पण गालात चोवीस तास खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा. रेडला गेला, की "कबड्डी कबड्डी" ऐवजी नुसती गुळगुळ ऐकू यायची आणि पंच दम तुटला म्हणून शिट्टी मारायचा. एकदा तर त्याने पंचाच्याच पांढऱ्या शर्टावर खुलासा केला!

कुसुमबाई त्याला खर्ऱ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त रोवण्याचा नियम सांगितला, बांधीत थुंकायचं नाही. आमच्याकडे परे लागत असलेल्या बांधीत कुणी चप्पल घालूनही उतरत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीत, आणि वर बायांबरोबर गाणं म्हणायचं! खर्रा ठेवणार कुठे? महिन्याभरात गडी एका दमात आख्खं कडवं म्हणायला लागला.

मग एक दिवस त्याची बायको तणतणत कुसुमबाईंकडे आली. "बाई, याले पयल्यासारका करून द्या."

"काऊन वो, काय झालं?"

"आता हा घरी बी बोलते! पयले तोंडात खर्रा राहे, तं घर किती शांत राहे!"

*

पोळ्यानंतर सावलीकडे एक छोटी टूर्नामेंट होती. तिथे आमची नवी साखळी पहिल्यांदा मैदानात उतरली. काय सांगू! समोरचा रेडर आत आला आणि आम्ही सात जण एकाच वेळी एक पाऊल मागे. तो पुढे, आम्ही मागे. पुन्हा एक पाऊल. ना कुणी घाई केली, ना कुणाचा हात सुटला. लोक टाळ्या वाजवायला लागले. रेडर गोंधळून जागीच थांबला. आम्ही मात्र रंगात आलो होतो. आणखी एक पाऊल मागे, आणखी एक...

पंचाची शिट्टी वाजली. मागची लाईन ओलांडून आम्ही सातही जण ग्राउंडच्या बाहेर उभे होतो!

त्याचं काय आहे, रोवण्यात धुरा लागेपर्यंत मागेच जायचं असतं. आणि सावलीचं ग्राउंड होतं शाळेचं. तिथे धुराच नव्हता!

एका शिट्टीत सात गडी बाद. पंच म्हणाला, असं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आम्ही माना खाली घालून कुसुमबाईंसमोर उभे राहिलो. आता चिखलाचा नाही, दगडाचा गोळा बसणार, या तयारीने.

त्या म्हणाल्या, "बेस झालं."

"बाई, आमी सातच्या सात बाद झालो ना!"

"संगं गेले ना? मागच्या साली एकेकटे जात होते."

मला हसू आलं आणि डोळ्यात पाणीही आलं. हरल्यावर आमच्याशी इतकं चांगलं तोवर कुणी बोललंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या प्रॅक्टिसच्या ग्राउंडवर प्रत्येक लाईनीवर बोटभर उंच माती घालून घेतली. मधल्या लाईनीवरसुद्धा.

"टाचेले शिकवा," म्हणाल्या. "डोये कामात राह्यते."

*

आता मंडईचं सांगतो.

आमचं गाव, आमची बांधी, पहिला राऊंड. समोर चामोर्शीकडची तगडी टीम. धुऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या मागच्या लाईनीपासून सात-आठ पावलांवर धुरा होता. तिथे कुसुमबाई आणि त्यांच्या वीस बाया ओळीने बसल्या होत्या.

साखळीने त्या दिवशी कमाल केली. सावलीसारखं काही झालं नाही. सुखदेवने सहा पॉइंट आणले आणि शेवटी तोच पकडला गेला. स्कोअर बरोबरीत. शेवटची रेड आमची. एक पॉइंट मिळाला, की राऊंड निघाला. पकडले गेलो, की जर्सी धुऊन माझ्या घरी.

कोण जाणार? मी मागे वळून कुसुमबाईंकडे पाहिलं. त्यांनी देवाजीकडे बोट केलं. त्याच वेळी मला दिसलं, की बाया सरकताहेत आणि कुसुमबाईंच्या शेजारी कुणीतरी येऊन बसतंय. शकुंतला होती. दोन वर्षांनी मॅचला आली होती. देवाजीची पाठ होती तिकडे. त्याला काहीच माहीत नव्हतं.

मी त्याला सांगणार होतो. पण तोवर त्याने लाईन ओलांडली होती.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." देवाजी कमरेत वाकून थेट त्यांच्या कॉर्नरवर गेला आणि त्याच्या खांद्याला हात लावला. पॉइंट झाला होता. आता फक्त परत यायचं होतं. त्यांचे गडी चारी बाजूंनी पुढे सरकले. देवाजी समोर डोळे लावून मागे मागे यायला लागला. एक पाऊल, मग दुसरं.

तेवढ्यात त्यांचा कॅप्टन ओरडला, "देवाजीभाऊ, लाईन पाह्य ना! मागं पाह्य!"

किस्सा चामोर्शीपर्यंत पोचला होता तर! आणि मग सगळ्या बांधीने तेच धरलं. "मागं पाह्य! मागं पाह्य!" आमच्या गावचेही ओरडत होते, सवयीने.

देवाजीची मान हलली नाही. दोघे झेपावले. एकाच्या हाताला त्याचा पाय लागला आणि निसटला. देवाजीची टाच मधल्या लाईनीवरून इकडे आली. शिट्टी वाजली. आम्ही नाचायला लागलो, सुखदेव बाहेरून धावत आला आणि माझ्या अंगावर पडला, टोप्या उडाल्या, ढोल सुरू झाला.

देवाजी मात्र थांबलाच नाही.

त्या गलक्यात त्याला शिट्टी ऐकू कुठून येणार? तो आमच्यामधून मागे मागे निघून गेला, कमरेत वाकलेला, डोळे समोर, ओठांवर "कबड्डी, कबड्डी". मागची लाईनही ओलांडली. लोक बाजूला झाले. एकेक जण नाचायचा थांबला. ढोलवाल्याचाही हात थांबला.

त्याची टाच धुऱ्याला लागली तेव्हा तो थांबला. पाठीमागे, हातभर अंतरावर, कुसुमबाई आणि शकुंतला बसल्या होत्या. देवाजीने दम सोडला. डोळे अजून समोरच होते.

म्हणाला, "बाई, धुरा लागला. आता पाहू का मागं?"