डब्यावरची पदवी

नमूआत्या कुणाकडेही गेल्या की पाणी पिऊन झाल्यावर तांब्या हातात फिरवून त्याच्यावरचं नाव वाचायच्या. यजमानांची ख्यालीखुशाली त्यानंतर. लग्न होऊन मी पेणला रामवाडीत आले तेव्हा त्या सून बघायला म्हणून रोह्याहून आल्या, आणि माझ्याआधी माझी माहेरची भांडी बघून घेतली.

"ही परात मामानं दिली काय? मामा हौशी दिसतोय. आन् हे पातेलं कुणाचं गो? नाव नाय?"

मला काही आठवेना.

"बघ, देणारा फुकट गेला," असं म्हणून त्यांनी ते पातेलं जरा दयेनंच फळीवर ठेवलं.

ह्यांच्या त्या सख्ख्या आत्या. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे साऱ्या भाच्यांच्या संसारात त्यांचा हक्कानं वावर. मागच्या वर्षी त्या गेल्या, पण आमच्या स्वयंपाकघरातून अजून गेलेल्या नाहीत. बारसं असो की वास्तुशांत, भेट काय द्यायची ते आत्या ठरवणार, ती भांडंच असणार आणि त्याच्यावर नाव घातलेलं असणार. रोह्याच्या भांडेवाल्याचं मशीन कर्रर्र करत चालू झालं की आत्या काउंटरवर कोपर टेकून एकेका अक्षरावर पहारा करत. "साडी विटते, पाकीट त्याच दिशी संपतंय. भांडं चेपलं तरी कुणी दिलं ते सांगतंय," हे त्यांचं शास्त्र. आमच्याकडे चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा नाव आहे. कुणाचं ते वाचायला मात्र चष्मा लागतो.

माझी तन्वी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला बसली आणि आत्यांपुढे मोठाच पेच पडला. लग्नाला हंडा, बारशाला वाटी-चमचा हे ठरलेलं. पदवीला काय द्यायचं याचा रिवाजच नव्हता, कारण ह्यांच्या घराण्यात पदवीच नव्हती. खाडीकाठची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. तन्वी पहिली. मग आमच्या ओटीवर बैठक बसली. हे म्हणाले घड्याळ द्या. "बंद पडतंय." मी म्हटलं सोन्याचे टॉप्स. "अडल्यावर मोडतात." तन्वीला हेडफोन हवे होते.

"कानात घालायचं ते? आन् नाव कुठं घालू?"

शेवटी तीन पुडाचा स्टीलचा डबा ठरला. नोकरीला लागल्यावर पोरगी कंपनीत रोज सगळ्यांसमोर डबा काढणार, आणि तो उघडायच्या आधी लोक वाचणार, हा आत्यांचा हिशोब. आम्ही हसलो आणि विसरून गेलो. आत्या विसरल्या नाहीत. भांडेवाला म्हणाला, आज मोकळा आहे, उद्यापासून लग्नाची गर्दी सुरू. आत्यांनी तिथल्या तिथे नाव घालून घेतलं. पोरीनं पेपर दिले म्हणजे बी.कॉम. झालीच, त्यात निकालाचा काय संबंध? लावणी केली की कापणी आपलीच, असं त्यांचं सरळ गणित होतं.

निकाल लागला आणि तन्वी कॉस्टिंगमध्ये नापास झाली. घरात चूल पेटली, पण जेवलं कुणीच नाही. आत्यांना कळवायला ह्यांनी फोन लावला. "आत्या, निकाल लागला..." एवढंच बोलून हे शब्द शोधायला थांबले. "आले!" म्हणत आत्यांनी फोन ठेवला. मग उचललाच नाही, कारण तोवर त्या एसटीत बसल्या होत्या आणि फोन पिशवीच्या तळाशी.

दुपारी नवी कोरी साडी नेसून आत्या दारात उभ्या. बोलायची कुणाची छाती होईना. त्यांनी तन्वीला समोर बसवलं, ओवाळलं आणि मांडीवर डबा ठेवला. 'कु. तन्वी हिस बी.कॉम. झाल्याबद्दल सप्रेम भेट, नमूआत्याकडून.' तन्वीनं वाचलं आणि रडत आत निघून गेली.

मग मीच सगळं सांगितलं. हे म्हणाले, "घासून नाव निघतंय का बघू."

"पत्रा पातळ व्हतो."

"मग दुसऱ्या कुणाला..."

"कुणाला देऊ? घरात दुसरी तन्वी हाय काय? असली तर ती बी.कॉम. हाय काय?" आत्या उठून आतल्या दाराशी गेल्या. "बाय, डबा आता बदलत नाय. बदलायचं तर तुलाच."

"मला नाही परत बसायचं," आतून आवाज आला. "कंपनीत पॅकिंगला मुली घेतायत, तिथं जाईन." ती नुसती बोलत नव्हती, चौकशी करून आली होती. एकदा कामाला लागली की पुस्तक कुठलं हातात घेणार?

डबा फळीवर बसला. तन्वी त्याचं नाव भिंतीकडे करून ठेवायची. आत्या आल्या की पाण्याच्याही आधी ते आमच्याकडे वळवायच्या. त्या गेल्या की पुन्हा भिंत. गणपती येऊन गेले आणि एक दिवस तन्वीनंच परीक्षेचा फॉर्म भरला. "त्या डब्याचा वैताग आलाय, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे," म्हणाली.

अभ्यासाला सोबत म्हणून आत्या मुक्कामाला आल्या. "कॉस्टिंग म्हंजे काय गो?" त्यांनी कौतुकानं विचारलं. तन्वीनं समजवायला घेतलं आणि थोड्याच वेळात आत्या बसल्या जागी घोरायला लागल्या. "सरांच्या तासाला माझंपण हेच व्हायचं," तन्वी म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

थंडीत निकाल आला. आत्या रोह्याला होत्या, शेजाऱ्यांनी अंगणात मडक्यात वालाच्या शेंगा भाजायची पोपटी लावली होती, तिथला कालवा फोनवरसुद्धा ऐकू येत होता. आम्ही सगळे स्पीकर लावलेल्या फोनभोवती.

"आत्या, पास झाले!"

"मना काय सांगतेस? मी कवाच लिवून ठेवलंय."

आम्ही हसलो. एरवी एवढ्यावर आत्या फोन ठेवून देत. आज ठेवला नाही. मागचा कालवा कमी होत गेला, बहुतेक त्या उठून बाजूला गेल्या असाव्यात.

"बाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "लय भ्याले व्हते गो मी. तू नापास झालीस म्हणून नाय. पोर परत बसली नाय तर मी दिलेली वस्तू जन्मभर तिला टोचल, याला भ्याले. तुमच्याकडनं निघताना दोनदा डबा पिशवीत घातला व्हता, रोह्याला कुंडलिका नदीत सोडून येते म्हणून. पण त्याच्यावर तुझं नाव हाय. ते मी पाण्यात कसं टाकू?"