रुमालाखालचा हात

लाल कंधारी बैलाचा खूर पायावर पडला तर माणूस काय करतो? बोंबलतो. मख्खप्पाने सौदा पुरा केला. मी समोर उभा होतो, थापा मारत नाही. मारल्याच तर बैलाच्या वजनात जराशी वाढ करीन, एवढंच. उदगीरकडचा बैलबाजार, अप्पा अजून बापाच्या हाताखाली शिकत होता तेव्हाचा; त्याचा उजवा हात गिऱ्हाइकाच्या हाताशी रुमालाखाली, डाव्या पायावर अर्ध्या ट्रकच्या वजनाचा बैल, आणि चेहरा असा की जणू न्हावी दाढी करतोय! सौदा ठरला, रुमाल झटकून खांद्यावर गेला, मग हा शांतपणे म्हणाला, "मास्तर, ह्याला जरा मागं घ्या की. माझा पाय हाय खाली."

नाव मन्मथ. मख्खप्पा गावाने केला. त्याच्या लग्नात हळदीचा, हाराचा, पंगतीचा, सासूने मिठी मारल्याचा, सगळ्या फोटोंत एकच चेहरा. शेवटी फोटोवाला हात जोडून म्हणाला, "मालक, ह्यांचा एकच काढतो. बाकी ठिकाणी चिकटवतो."

ही मख्खपणाची इस्टेट वडिलांकडून आलेली. थोरले अप्पा म्हणजे बैलबाजारातले नामी दलाल. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. वर मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. चेहऱ्यावरची एक रेघ हलली की शेजारच्याला भाव कळला, धंदा बुडाला! थोरल्या अप्पांचा लाल रुमाल पुढे मन्मथच्या खांद्यावर जाणार, हे सगळा बाजार धरूनच चालला होता.

पण मध्ये लातूर आलं. लातुरात अख्ख्या महाराष्ट्राची पोरं डॉक्टर व्हायला येतात. हा एकटा पोकर शिकून परतला. पोकर म्हणजे आपल्या तीन पत्तीचा सुटाबुटातला चुलतभाऊ: दोन पत्ते हातात लपलेले, पाच टेबलावर उघडे, बाकी सगळा तोंडाचा कारभार. गोव्यात त्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. पैशांच्या जागी सगळ्यांना सारख्या चकत्या वाटतात; चकत्या संपल्या की घरी जा, शेवटी उरेल तो राजा. अप्पा एक स्पर्धा जिंकला, मग दुसरी, आणि बघता बघता हाच त्याचा धंदा झाला.

ज्या दिवशी हे थोरल्या अप्पांना कळलं, त्या दिवशी भर बाजारात ते म्हणाले, "पत्त्याला लागलेला हात माझ्या रुमालाखाली येणार न्हाई." तीन वर्षं! पोरगा गोव्याला असो नाहीतर आणखी कुठे, बाजाराच्या दिवशी बापाशेजारी येऊन उभा राही, हात पुढे करून. म्हातारा त्या हाताला वळसा घालून पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे जाई. मख्खप्पाचा चेहरा तेव्हाही हलला नाही. पण घरी जाताना तो मला विचारी, "मास्तर, आज बघितलं का हो त्यांनी माझ्याकडं?" मी गणिताचा मास्तर, खोटं बोलायचा सराव कमी. तरी म्हणायचो, "हाव, एकदा बघितलं."

खेळायची त्याची रीत बाजारातलीच. दहा डावांतले नऊ तो पत्ते बघून सोडून द्यायचा. "शंभर बैल बघायचे, एक घ्यायचा. ज्याला दम न्हाई त्यानं शेळ्या घ्याव्या." आणि दुसरी शिकवण: "तोंडाकडं बघू नका मास्तर. तोंड सगळ्यांनाच आवळता येतं. कान बघा. बैल उधळायच्या आधी कान हलवतो."

गेल्या वर्षी मला बरोबर घेऊन तो गोव्याला गेला. स्पर्धा एवढी मोठी की कंधारचा किल्ला तिथल्या हॉलात ठेवला असता तर कोपऱ्यात मावला असता! सगळे काळ्या चष्म्यात, कानांवर गाण्याचे डबे लावून. आमचे बहाद्दर गळ्यात इष्टलिंग, खांद्यावर रुमाल, पिशवीत शेंगांची चटणी नि धपाटे. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही पण चष्मा घ्या." तर म्हणतो, "चष्मा बैल घालतो का?"

तिसऱ्या दिवशी टेबलावर दोघेच उरले: अप्पा आणि दिल्लीचा एक चष्मेवाला. चकत्या जवळपास सारख्या. अशा वेळी दोघांना खेळ थांबवून बक्षीस आपसात ठरवून घेता येतं. चष्मेवाला म्हणाला, "भाईसाब, सौदा करोगे?"

सौदा! शब्द कानावर पडला आणि तीन वर्षं रिकामा राहिलेला तो हात आपोआप पुढे गेला. अप्पाने खांद्यावरचा रुमाल ओढून त्यावर टाकला आणि मख्ख चेहऱ्याने वाट बघत बसला. मग एकच हलकल्लोळ. पंच धावले, पहारेकरी धावले. कापडाखाली पत्ता लपवलाय म्हणून रुमाल उचलला, तर खाली काय? हात! रिकामा, उताणा. मी लोकांना ढकलत पुढे गेलो आणि मोडक्या हिंदीत ओरडलो, "साहब, ये चोरी नहीं, ये रिवाज है! हमारे यहाँ भाव ऐसेच बोलते!" हॉल हसून लोळला. पंचांनी रुमाल जप्त केला. चष्मेवाला म्हणाला, "रहने दो, खेलते हैं."

पुढचाच डाव. टेबलावर शेवटचा पत्ता एक्का पडला आणि चष्मेवाल्याने सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या. म्हणजे, माझ्या हातात दुसरा एक्का आहे. अप्पाकडे फक्त दोन सत्ते, आणि एक्क्यांची जोडी त्यांना खाते. हो म्हणावं आणि हरावं, तर सगळं खलास. अप्पा बघत बसला. मिनिटभर! त्या मिनिटात मी सगळ्या देवांना नवस बोललो, त्यातले निम्मे अजून फिटायचेत. मग चष्मेवाल्याने कंटाळून कानांवरचे डबे काढले. कान लालबुंद, पाळी थरथरतेय! अप्पाने चकत्या सारल्या. चष्मेवाल्याने पत्ते उघडले: राणी आणि दश्शी. एक्का नाही, जोडी नाही, काही नाही! मी टेबलावर चढायचाच बाकी होतो. अप्पा म्हणाला, "मास्तर, आता रुमाल मागून घ्या त्यांच्याकडनं."

त्या रुमालाचा व्हिडिओ आमच्या आधी गावात पोचला. हदगाव ते निलंगा, एक मोबाईल सुटला नाही. थोरल्या अप्पांना कुणीतरी दाखवला. बक्षिसाचा भाग त्यांनी बघितलाच नाही म्हणे. रुमाल पडतो तेवढाच तुकडा सात वेळा लावायला सांगितला.

पुढच्या बाजाराला मन्मथ नेहमीसारखा हात पुढे करून उभा राहिला. म्हाताऱ्याने आधी बैलाचे दात बघितले, पान थुंकलं, आकाशाकडे बघितलं. मग खांद्यावरचा लाल रुमाल काढून पोराच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. दोन दगडी चेहरे, मध्ये लाल कापड, आणि कापडाखाली बोटं हलतायत. किती वेळ! तेवढ्या वेळात अख्खा बाजार विकून झाला असता. शेवटी म्हाताऱ्याने हात काढून घेतला. रुमाल मात्र तसाच राहू दिला आणि चालू लागला.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"रुमालाखालचं सांगत नसतेत मास्तर," मख्खप्पा म्हणाला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पण मी आता त्याच्याच तालमीत तयार झालेला गडी. मी कानांकडे बघितलं.

दोन्ही कान लालबुंद, आणि थरथरत होते.