पप्पांचा लांब स्क्रू ड्रायव्हर

रविवारी आमच्या पंचवटीतल्या घरी एक गोष्ट घडली... अजून डोक्यातून जात नाहीये.

पप्पांची जुनी गाडी सोमवारी जवळच्याच द्वारका चौकातल्या भंगारवाल्याकडे जाणार होती. पप्पा गेले तेव्हापासून ती अंगणात उभीच. आईचं एकच म्हणणं... जायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकायचाय. सटाण्याला माहेरी जाताना त्याच आवाजावर तिला झोप लागायची.

आता आईला ऐकू येतं जेमतेम. मशीन लावत नाही, कानात भुंगा शिरल्यासारखं वाटतं म्हणे. मी म्हटलं, हिला काय डोंबल ऐकू येणार... पण आईपुढे आजवर कुणाचं चाललंय?

नवी बॅटरी लावली, ताजं पेट्रोल भरलं. गाडी ढिम्म. मी मोबाईलवर व्हिडिओ शोधत बसलो, तर आई म्हणाली, "ते ठेव. प्लग काढून दे."

ही पप्पांची युक्ती... इंजिनातले स्पार्क प्लग पॉलिश पेपरने घासायचे आणि गॅसवर तापवायचे. आईच्या पोळ्या चालू असतानाच ते प्लग घेऊन स्वयंपाकघरात घुसायचे आणि ती करवादायची. रविवारी तीच सांडशीत प्लग धरून गॅसपाशी उभी होती. तो जळका वास आला आणि पप्पांची इतकी आठवण आली, की मला तिथे उभं राहवेना.

प्लग गरम गरमच बसवले. गाडी जरा कुरकुरली... आणि चक्क सुरू झाली.

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा कोराच. एवढं करून तिला काहीच ऐकू येत नव्हतं... फार वाईट वाटलं मला.

ती आत गेली आणि पप्पांचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. इंजिनात टॅपेट वगैरे कुठला भाग खडखडतोय हे शोधायला पप्पा त्याचं टोक इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचे. आईने पदर खोचला आणि अगदी तसंच केलं.

बराच वेळ ती डोळे मिटून वाकून उभी होती. मग हळूच हसली...

"टॅपेट वाजताय रे," ती नेहमीच्या सुरात म्हणाली. "यांना सांग, जरा बघून घ्या म्हणावं."

मी म्हटलं, "सांगतो."

सोमवारी गाडी गेली. स्क्रू ड्रायव्हर तेवढा आईने ठेवून घेतलाय.

पप्पा, टॅपेट वाजताय हो... आईने सांगितलंय.