झेंडूच्या टोपलीतली दाढ

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यातून एका तरण्या मुलीला न तपासताच हाकलण्यात आले. ती जन्मापासून मंदबुद्धीची, बोलता न येणारी. भिंतीवर डोके आपटते म्हणून डॉक्टरांनी ठरवले, वेडाचा झटका.

तिला टांग्याने घेऊन आलेली आई बडनेरा स्टेशनाबाहेर फुले विकते. तिचे नाव मी कधी विचारले नाही. हार ओवता ओवता ती मधेच थांबून लेकीचा गाल चोळत असे. दर शनिवारी मारुतीच्या देवळातून परतणारे लोक त्या मुलीच्या तोंडात गुळाचा खडा घालीत. भोळ्या जिवाला भरवले की पुण्य लागते म्हणे. त्या पुण्यानेच तिची दाढ किडली.

हाकलल्यावर बाई दवाखान्याच्या दारातच झेंडूची टोपली मांडून बसली. मी तिथेच पत्रके वाटत होतो. डॉक्टर बाहेर येऊन ओरडले, "पोरगी वेडी आहे, मी काय करू?"

"डोकं येडं असन, सायेब," ती जागची हलली नाही, "दाढ तं शायनी हाय. दुखते म्हून सांगून राहिली. तुमी आयकून तं पाहा."

रांगेतले सगळे हसले, डॉक्टरांना. तेव्हा त्यांनी मुलीचे तोंड तपासले आणि दाढ उपटली.

पंधरवड्यात ती मुलगी भाजलेले कणीस दातांनी सोलत बसलेली मी पाहिली. दाढ टोपलीत झेंडूवर ठेवलेली असते. कोणी गूळ आणला की बाई ती पुढे करते, "हे पाहा भाऊ, तुमचं पुन्य."

वाचकहो, तुमच्या गल्लीतही असा एक जीव आहे. हे पत्रक खाली ठेवा, आणि आजच त्याचे तोंड उघडून पाहा.