रिकामी गाडी खोटं बोलते

मिस्त्रींच्या गॅरेजच्या शटरवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक वाक्य रंगवलं होतं: 'आवाज येत असेल तर गाडी रिकामी आणू नये.' नवा माणूस ते वाचून हसायचा. जुनी गिऱ्हाइकं मात्र मुकाट्याने सगळा लवाजमा घेऊन यायची. म्हातारे आईवडील, पोरंटोरं, कुत्रा, घडीची खुर्ची, जे काही रोज गाडीत असेल ते सगळं. मिस्त्री प्रत्येकाला त्याच्या रोजच्या जागी बसवायचे, स्वतः सगळ्यात मागे सामानात अंग मुडपून आडवे व्हायचे आणि बायकोला म्हणायचे, चला. गाडी बायकोच चालवायची. तिच्याइतका पाय हलका ठेवून खड्ड्यात गाडी घालणारं माणूस त्या अख्ख्या पेठेत नव्हतं.

हे वेड त्यांना लागलं बसच्या वर्कशॉपमध्ये, मिसरूड फुटायच्या वयात. रिकामी बस चाचणीला नेली की गपगार, आणि सकाळी माणसं भरली की बोंब. तेव्हापासून त्यांचं एक म्हणणं ठरून गेलं, रिकामी गाडी खोटं बोलते. या मोठ्या घरगुती गाड्यांचं तर विचारूच नका. सात माणसं आणि वर डिकी भरलेली, सगळा भार मागच्या चाकांवर, आणि तपासायची मात्र एकट्या ड्रायव्हरला बसवून! उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार. मिस्त्री डोळे मिटून सांगायचे, बारीक खड्ड्यांवर टकटक वाजतंय ना, मग तो छोटा दांडा ढिला. ब्रेक दाबताना एकदाच खट्‌ झालं तर रबरी बुश गेलं. लोक त्यांना कानसेन म्हणायचे, आणि मिस्त्रींना ते मनापासून आवडायचं. नम्र वगैरे माणूस नव्हताच तो. कुणी कौतुक करायला लागलं की मधेच थांबवायचे नाहीत, उलट जवळचं स्टूल पुढे सरकवायचे.

एकुलत्या एका लेकीच्या सासरच्यांनी जुनी सात सीटांची गाडी घेतली, ती मिस्त्रींच्याच सल्ल्याने. सल्ला कसला, हुकूमच. तिच्या मागच्या शॉकअपवर ते जाम खूश होते. मागे ओझं पडलं की कुठल्याही गाडीचं बूड खाली बसतं. हे शॉकअप मात्र असे, की थोडं अंतर चाललं की रस्त्याच्या हेलकाव्यांवरच आतल्या आत पंप मारून बूड पुन्हा उचलून घ्यायचे. ना वायर, ना बटण. मिस्त्रींनी व्याह्यांच्या घरी चहा पिता पिता हे सगळ्यांना समजावलं होतं. लेकीच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, तिला आठवड्याला व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, तेव्हा हीच गाडी हवी, बाकी सगळ्या गाड्या म्हणजे गाढवं. जावयाने मान डोलावली आणि गाडी दारात आली.

आणि थोड्याच महिन्यांत लेकीचा फोन. सासूबाई म्हणतात, मागून आवाज येतो. बाकी कुणालाच येत नाही.

विहीणबाई पडदे शिवायच्या. घरातल्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकून कापडाची ठाणं, आणि लेकीला दवाखान्यात नेतानाच वाटेत शिवलेल्या पडद्यांचे गठ्ठे दुकानांत पोचवायचे, अशी त्यांची पद्धत. बाई तोंडाने कमी आणि नजरेने जास्त बोलणारी. मिस्त्री त्यांना जरा वचकूनच असायचे. तर विहीणबाईंनी घरात सांगून टाकलं होतं, या आवाजाचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत सुनेला मी त्या गाडीत बसू देणार नाही. थोरला मुलगा, जावयाचा मोठा भाऊ, वैतागून म्हणाला होता, आईला आता भास व्हायला लागलेत, आधी कान तपासून घेऊ.

मिस्त्रींना हे नाकाला मिरची झोंबावी तसं झोंबलं. त्यांनी निवडलेली गाडी!

जावई गाडी घेऊन आला. एकटा. आणि इथेच कानसेनांनी माती खाल्ली. दुसरं कुणी असतं तर शटरकडे बोट दाखवून परत पाठवलं असतं. पण विहीणबाईंना गॅरेजात बोलवायचं? त्या ऑइलच्या डागांतून चालवत आणून पोत्यासारखं मागे बसवायचं, आणि चला आता खड्ड्यात जाऊ म्हणायचं? मुलीचं सासर म्हणजे काचेचं भांडं, त्यांचा धीरच झाला नाही. त्यांनी रिकामी गाडीच बायकोला चालवायला लावली. खड्डे झाले, गतिरोधक झाले, गाडी लोण्यासारखी चालली. खाली शिरून पाहिलं, शॉकअप कोरडे ठाक, तेलाचा थेंब नाही. मिस्त्री हात पुसत जावयाला म्हणाले की गाडीत काही म्हणजे काही नाही. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण जीभ सैल सुटली. आईंचं वय झालं, होतं असं, हेही म्हणून बसले.

ते वाक्य त्याच दिवशी घरी पोचलं. असली वाक्यं कधी वाटेत पडतात का?

विहीणबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी आवाजाचं नाव काढणंच सोडलं. सुनेला जा म्हणाल्या, स्वतः मात्र गाडीत पाय ठेवीनात. पडद्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन बसने जायला लागल्या. जेवायच्या टेबलावर त्या काही बोलल्या की थोरला गालात हसायचा, मग त्या तिथेही गप्प झाल्या. हे सगळं लेकीने गॅरेजात येऊन, आईच्या शेजारी बसून सांगितलं. मिस्त्री पाना पुसत ऐकत होते.

"बाबा, माझी कंबर गेली तेव्हा मला उचलून न्हायला कोण नेत होतं? त्या. आणि त्यांच्याच घरात माझ्या बापाने त्यांना वेडं ठरवलं. आता मी त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने बसू?"

मिस्त्री मान खाली घालून तोच पाना पुन्हा पुसायला लागले. लेक गेल्यावर बायको उठली, शटरपाशी गेली आणि विचारलं, "हे लिहिलेलं तुम्हाला अजून वाचता येतं ना? की सोयऱ्यांसाठी वेगळं लिहायचंय?"

दिव्याखाली अंधार, दुसरं काय. पण बोलण्यात हरले की मिस्त्री कामाला लागायचे. हा मात्र त्यांचा गुण मानलाच पाहिजे. चूक कळली की ते तिला उशीखाली घेऊन झोपत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून ते व्याह्यांच्या घरी गेले, एकटेच.

विहीणबाई मशीनवर होत्या. बसा म्हणाल्या, पण पाय थांबला नाही. निळं जाड कापड सुईखालून सरकत होतं. मिस्त्री दारातच उभे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, तरी ते चप्पल काढण्यातच वेळ घालवत राहिले. तेवढ्यात विहीणबाईंनी मशीन थांबवलं, खालची झडप उघडली, बॉबिन काढली आणि आतून नखाएवढा धाग्याचा गुंता उपटून बाहेर काढला. मिस्त्रींना धक्काच बसला. मशीनचा आवाज बदललेला त्यांना कळलाच नव्हता. त्यांना, कानसेनांना!

हिला भास होतात म्हणे. ते खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, "विहीणबाई, मी चुकलो. गाडीचं मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. कसा वाजतो तो आवाज?"

विहीणबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा तर नाही ना, हे बघत असाव्यात. मग सांगायला लागल्या. डावीकडून येतो, मागच्या चाकाच्या वरून. आधी धप्‌, जड काहीतरी खाली बसल्यासारखं, आणि लगेच वर येताना ठक्‌. गतिरोधकावर हमखास. घरून निघताना येतो, पण पडदे पोचवून परतताना येत नाही. सगळी मंडळी असली तरच येतो, मुलगा एकटा घेऊन गेला तर कसा यायचा? हे सगळं त्यांनी धाकट्या मुलाला, म्हणजे जावयाला, सांगितलं होतं. त्याने गॅरेजात येऊन सांगितलं होतं, मागून काहीतरी वाजतं म्हणे. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. निम्मं निदान बाईंनी करून ठेवलं होतं आणि त्यांच्यापर्यंत पोचलं होतं फक्त 'म्हणे'.

येत्या रविवारी सगळे यायचं, मिस्त्री म्हणाले. गठ्ठ्यांसकट.

रविवारी गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. गाडी रिकामी असतानाच मिस्त्रींनी दोन्हीकडच्या मागच्या चाकांवर वीत लावून पाहिली, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या. मग म्हणाले, रोज बसता तसे बसा. थोरला मुलगा तोंड वाकडं करून पुढे बसला, मिस्त्रींची बायको स्टिअरिंगवर. मधल्या सीटवर लेक आडवी रेलली, पाठीला उशी, आणि उरलेल्या कोपऱ्यात जावई. मागे गठ्ठे रचले. आणि मग विहीणबाईंनी पदर खोचला, वाकल्या, आणि मागच्या दारातून शिरून सगळ्यात शेवटच्या रांगेत, डाव्या चाकाच्या बरोब्बर वर, गुडघे हनुवटीला लावून बसल्या. एक गठ्ठा मावेना, तो मांडीवर घेतला.

मिस्त्री बघतच राहिले. "तुम्ही इथे बसता?"

"मला मागेच बरं वाटतं," विहीणबाई म्हणाल्या. लेक मधल्या सीटवरून म्हणाली की मी कितीदा सांगितलं पुढे बसा, पण ऐकतच नाहीत. त्यावर विहीणबाई तिच्यावर जरा डाफरल्याच, कंबर तुझी गेली आहे, माझी नाही, गप पडून राहा.

मिस्त्री शेजारच्या फटीत शिरले. गाडी निघाली. भाजीबाजारामागचा तो कुप्रसिद्ध रस्ता, त्यावर पहिलाच गतिरोधक. बायकोने अलगद गाडी चढवली, उतरवली. धप्‌. ठक्‌. पुढे बसलेल्या थोरल्याने मागे वळून विचारलं, काय झालं? त्याच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मिस्त्रींच्या मात्र मणक्यातून तो आवाज डोक्यापर्यंत गेला. विहीणबाई समोर बघत होत्या. ऐकलंत का, असंही त्यांनी विचारलं नाही.

खराब रस्त्याचा मोठा फेरा मारून परत आल्यावर कुणाला उतरू न देता मिस्त्रींनी पुन्हा वीत लावली. उजवी बाजू पंप मारून पुन्हा वर आली होती. डावी तशीच बसलेली, चार बोटं खाली. बाहेरून ठणठणीत दिसणारा डावा शॉकअप आतून मेला होता. एकट्या माणसाचं वजन तो निभावून न्यायचा. भार पडला की उचलायचं विसरायचा आणि गाडी सरळ आतल्या रबरी ठोकळ्यावर आदळायची. त्या ठोकळ्याचाही भुगा झालेला. मिस्त्रींनी तो भुगा तळहातावर घेतला आणि थोरल्या मुलासमोर धरला.

"हा तुमच्या आईंचा भास," ते म्हणाले. "त्यांनी बाजू सांगितली, जागा सांगितली, केव्हा वाजतो तेही सांगितलं. मी कान मिटून बसलो होतो. हे अजून काही दिवस चाललं असतं तर माझ्या लेकीच्या कमरेचं काय झालं असतं, ते डॉक्टरला विचारा."

थोरला भुग्याकडे बघत राहिला. मग आईजवळ गेला आणि तिच्या मांडीवरचा गठ्ठा काढून घेतला. विहीणबाईंनीही तो सोडला. लेकीने डोळ्यांना रुमाल लावला. मिस्त्रींची बायको उगाचच आरसा पुसायला लागली.

शॉकअप जोडीनेच बदलले, ठोकळेही नवे घातले. मग पुन्हा चाचणी, पुन्हा सगळी मंडळी, पुन्हा गठ्ठे. या वेळी मात्र मिस्त्रींनी हट्टाने विहीणबाईंना पुढे बसवलं आणि त्यांच्या जागी स्वतः गेले. उंच माणूस, गुडघे अक्षरशः कानाला लागले. मांडीवर गठ्ठा. खिडकी एवढीशी, तीही न उघडणारी. समोर लेकीची उशी आणि तिचे मोकळे पसरलेले पाय. भाजीबाजारामागचा रस्ता आला, गतिरोधक आला, गेला. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली.

पुढून विहीणबाईंनी विचारलं, "आला का?"

मिस्त्री मांडीवरचा गठ्ठा सावरत समोरच्या उशीकडे बघत होते. आपल्या लेकीला पाय पसरता यावेत म्हणून ही बाई दर आठवड्याला इथे बसत होती, आणि इथे बसली होती म्हणूनच तिला तो आवाज ऐकू आला होता. आणि आपण तिचं वय काढलं.

"व्याही, आवाज आला का?" विहीणबाईंच्या आवाजात आता काळजी होती.

"नाही," मिस्त्री कसेबसे म्हणाले. "गेला आवाज."

"मग उठा की. ती जागा माझी आहे."

बायकोने गाडी बाजूला घेतली. पण मिस्त्री उठले नाहीत. अजून थोडं ऐकू द्या म्हणाले, आणि विहीणबाईंच्या दारापर्यंत तो गठ्ठा मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले.