स्वल्प करेक्शन

अंगठा आणि तर्जनी जवळ आणायची, मध्ये मोहरीचा दाणा मावेल एवढीच फट ठेवायची, ती चिमूट समोरच्याच्या डोळ्यांपुढे धरायची आणि म्हणायचं, "स्वल्प करेक्शन." मग चहाचा एक घोट घ्यायचा. आणि मग सावकाश, "ब्रिटिश नाही. इंग्लिश."

आमच्या माडीवर भाड्याने राहणाऱ्या त्या माणसाला मी हे इतक्यांदा करताना पाहिलंय की आजही कुणी दोन बोटं जवळ आणली की मला तोच दिसतो. 'स्वल्प' म्हणजे थोडंसं. बंगलोरात पाऊल टाकणाऱ्याच्या कानावर पडणारा हा पहिला कानडी शब्द, आणि त्याने तो रिक्षावाल्यांकडून उचलला होता. त्यापुढे त्याची कानडी कधी गेली नाही. बाकी सगळं तो इंग्रजीत बोलायचा. मी ते इथे मराठीत सांगतो आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तो आला. यशवंतपूरच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो, तिथे विलायतेहून ग्राइंडिंगची यंत्रं आली आणि यंत्रांमागोमाग ती बसवायला हा आला. हॉटेलात त्याचा जीव रमेना. मालकांनी मला विचारलं, तुमची माडी रिकामीच आहे ना? नाही म्हणायची सोय नव्हती.

गल्लीची अपेक्षा लाटसाहेबाची होती. रिक्षातून उतरला तो नखांत ग्रीस असलेला, गुडघ्यात किंचित वाकून चालणारा फिटर. हत्यारांची पेटी त्याने कुणाला उचलू दिली नाही. यंत्र बिघडलं की तो स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकत बसायचा. आमच्या फाटकाची वर्षानुवर्षांची करकर त्याने आठवड्याच्या आत बंद केली. मग शेजाऱ्यांच्या फाटकाची, तीही न विचारता.

त्याच्या स्वागताला मी पेंटरकडून कारखान्याच्या दारावर ब्रिटनचा मोठा झेंडा रंगवून घेतला होता. त्याने तो पाहिला, पेंटरशी हात मिळवला, रंगाची स्तुती केली आणि चिमूट वर केली. म्हणाला, हा झेंडा स्कॉटलंडचा, आयर्लंडचा, आमचा, सगळ्यांचा मिळून आहे. मधला लाल क्रॉस तेवढा आमचा, इंग्लंडचा. मालक 'सॉरी सर' म्हणाले. मीही म्हणालो, आणि मनात म्हटलं, केवढा हा फरक आणि केवढी मिजास.

मला या माणसाचा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो, आणि हे लिहून तो कमी होईल अशी माझी अपेक्षा नाही.

पहिला हेवा त्या चिमटीचा. आम्ही निपाणीचे, बेळगाव जिल्ह्यातले. घरात मराठी, रेशनकार्ड कर्नाटकाचं. बंगलोरच्या ऑफिसात माझं नाव 'बॉम्बे' पडलं होतं. पुण्याला सासुरवाडीत गेलो की मी 'कानडी जावई'. दोन्हीकडे मी हसून मान डोलवायचो. कुठे समजावत बसायचं, पानावरचं गार होतं. आणि इथे हा! याच्या पूर्वजांनी आमच्यावर राज्य केलं, आणि आपल्याला कुणी चुकीचं नाव लावू नये म्हणून हा भर मीटिंगमध्ये बोटं वर करतो आणि लोक दिलगिरी व्यक्त करतात. मला आजवर कुणी सॉरी म्हटलं होतं?

दुसरा हेवा आईवरून, आणि तो जास्त जाळणारा.

वडील गेल्यावर मी आईला निपाणीहून घेऊन आलो होतो. तिने इथेच राहावं, हे घर आपलं म्हणावं, एवढी एकच माझी इच्छा होती. पण पलंगाखालची तिची ट्रंक कधी रिकामी झाली नाही. लुगडं काढायची, नेसायची, धुऊन घडी करून परत ट्रंकेत. प्रत्येक सणाला म्हणायची, "एवढी पंचमी झाली की जाते मी." तिकडे मामा होता, पण तो स्वतःच थकलेला. मी यशवंतपूरच्या बाजारातून तिच्या पसंतीची ज्वारी आणली, चिकपेटच्या बाजारात इरकली लुगडं घेऊन दिलं, मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेलं. तिथे पुण्याच्या बायकांनी तिचं बोलणं ऐकून विचारलं, तुम्ही कोल्हापूरच्या का? ती 'हो' म्हणाली आणि घरी येईपर्यंत गप्प राहिली. दोन वर्षं मी हे करत होतो.

तो पहिल्या रविवारी रीत म्हणून खाली चहाला आला. आईने मला त्याचं गाव विचारायला सांगितलं. मी म्हणालो, इंग्लंड.

"तो देश झाला की," आई म्हणाली. "गाव विचार त्याला."

मी विचारलं. त्याने कप खाली ठेवला. उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगरातल्या एका गावाचं नाव सांगितलं, ते आम्ही कुणी ऐकलेलं नव्हतं. आईने पुढे विचारलं, काय पिकतं? मेंढ्या आणि दगड, तो म्हणाला. कापडाच्या गिरण्या होत्या, त्या बंद पडल्या. शेजारच्या गावात तुमच्यासारखंच बोलतात का? नाही, थोडं पुढे गेलं की बोली बदलते, आणि लंडनवाले आमच्या बोलण्याला हसतात. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आपल्यासारखंच की."

नंतर जिन्याशी त्याने मला सांगितलं की इथे आल्यापासून सगळ्यांनी त्याला लंडनबद्दल आणि राणीबद्दल विचारलं होतं. लंडन त्याने धड पाहिलंही नव्हतं. गाव विचारणारी माझी आई पहिली.

मग रोजच संध्याकाळी तो पायरीवर येऊन बसू लागला. सुरुवातीला मी दुभाषा होतो. महिनाभरात माझी गरज संपली. आई पावटे सोलायची, तोही सोलायचा. ती मराठीत लांबलचक काहीतरी सांगायची, तो इंग्रजीत तेवढंच लांबलचक उत्तर द्यायचा, आणि दोघंही समाधानाने माना डोलवायची. मी कारखान्यातून आलो की आई मला जेवलास का विचारायची. त्याला विचारायची, आज काय झालं. बायको मला खिडकीशी उभा बघून म्हणायची, "काहीतरी करपल्याचा वास येतोय." गॅस बंद असायचा.

एकदा मी त्याला कोंडीत पकडायचं ठरवलं. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर त्याला ब्रिटिश राजवटीवरून टोचत होते. मी मध्येच म्हणालो, तुमचं बरं आहे. राज्य केलं ते ब्रिटिशांनी, आणि गोल केले ते इंग्लिशांनी. मला वाटलं आता चिमूट वर येणार. आली नाही. त्याने हातातली पावट्याची शेंग सोलली.

"इथे करेक्शन नाही," तो म्हणाला. "तेही आम्हीच. बरंचसं आम्हीच."

मग त्यानेच सांगितलं की मायदेशी आम्ही इंग्लिश असल्याचं जरा दबक्या आवाजात बोलतो. आमचा झेंडा लावला की शेजारी तिरके बघतात, हा फुटबॉलवरून मारामारी करणारा दिसतो म्हणून. ब्रिटिश म्हणणं सोपं आणि सभ्य. पण त्यात सगळ्यांचं सगळं येतं, आणि माझं गाव कुठे येतं ते मला सापडत नाही. मी हे आईला मराठीत सांगितलं. तिने त्याच्यापुढे सोललेल्या पावट्यांचा वाडगा सरकवला. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

मग तो जून आला. त्यांच्याकडे फुटबॉलची मोठी स्पर्धा होती आणि इंग्लंडचा सामना होता स्कॉटलंडशी. आमच्या टीव्हीसमोर तो नखं खात बसला. मी म्हणालो, हे म्हणजे घरातलेच दोघे की, कुणीही जिंकलं तरी काय. आईने विचारलं, बेळगाव आणि धारवाड खेळले तर तू कुणाकडून? मी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्याच्या बहिणीने त्याला एक झेंडा पाठवला होता. पांढरा, मधोमध लाल क्रॉस. मायदेशी लावायला संकोचणाऱ्या त्या माणसाने तो आमच्या माडीच्या कठड्यावर ऐटीत बांधला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पांढऱ्यावर लाल क्रॉस कुठे असतो? दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाची एक बाई खोकणारी नात घेऊन फाटकात उभी राहिली. तिच्यामागे, माणूस फिटर आहे हे ठाऊक असूनही झेंड्यावर भरवसा ठेवून, रक्तदाब तपासायला मास्तर. त्यांच्यामागे पाय मुरगळलेला इस्त्रीवाला. परदेशी डॉक्टरने दवाखाना उघडलाय अशी बातमी दूधवाल्याने फिरवली होती.

तो बनियनवर, हातात पाना घेऊन बाहेर आला. चिमूट वर केली. म्हणाला, "स्वल्प करेक्शन. डॉक्टर नाही. इंग्लिश." नातवाली बाई खूश झाली. इंग्लिश डॉक्टर म्हणजे चांगलाच असणार, ती कानडीत म्हणाली, आणि पोरीला पुढे केलं.

तेव्हा आई उठली. पोरीच्या कपाळाला हात लावला, छातीला कान लावला. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधला आणि कसा शेकायचा ते आपल्या निपाणीच्या कानडीत सांगितलं. ती कानडी ऐकून बाईला हसू आवरेना. आईलाही हसू आलं. इस्त्रीवाल्याच्या पायाला तिने हळद आणि चुना लावला. मास्तरांना मात्र खऱ्या डॉक्टरकडे पिटाळलं, आणि पुढेही दुखणं मोठं वाटलं की ती असंच रागावून पिटाळायची.

इंग्लंड पुढे हरलं. त्याने उदास चेहऱ्याने झेंडा सोडायला घेतला. आई खालून म्हणाली, "असू दे की. माणसं येतात."

झेंडा राहिला. माणसं येत राहिली. दिवसभर फाटकाशी 'अक्का, अक्का' अशा हाका. मी हळदीकुंकू, ज्वारी, इरकली सगळं करून थकलो होतो, आणि याने दीड वार कापड कठड्याला बांधून गल्ली माझ्या आईच्या पायरीवर आणून बसवली. तीही चुकून. माझी जळजळ कुठल्याही ओव्याने शेकली जाण्यातली नव्हती.

त्याला चूक करताना पकडायची माझी इच्छा एकदाच पूर्ण होत आली. त्याच्या कंपनीचा एक मोठा अधिकारी विलायतेहून आला होता. त्याला तो खाली घेऊन आला आणि आमची ओळख करून देताना म्हणाला, हे लोक मूळचे बॉम्बेचे. मी आनंदाने तोंड उघडलं. पण आईने तो एक शब्द पकडला होता. तिने हातातलं पीठ झटकलं, अंगठा आणि बोट जवळ आणलं.

"स्वल्प करेक्शन," आई म्हणाली. "निपाणी."

तो कानापर्यंत लाल झाला. दोन्ही हात जोडून त्याने तिची माफी मागितली. मंडळातल्या बायकांना 'हो' म्हणून गप्प बसलेली माझी आई याच्यापुढे गप्प बसली नव्हती. याने आपल्याला नीट ओळखावं असं तिला वाटत होतं. ते दारातून बघताना माझं तोंड उघडंच राहिलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

यंत्रं सुरळीत चालू लागली आणि त्याचं काम संपलं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आईने त्याला शिकवलं होतं. त्याने पायरीवर उभं राहून दोनदा घोकलं आणि मग म्हटलं, "येतो." तेलाची छोटी कुपी त्याने माझ्या हातात दिली, फाटकासाठी. झेंडा कठड्यावरच राहू दिला. आई रिक्षा वळेपर्यंत उभी होती.

तो परत आला नाही. काही वर्षं नाताळाला कार्ड यायचं, आईच्या नावाने. मग तेही थांबलं.

पण मला सांगायची आहे ती त्याच्या जाण्यानंतरची सकाळ. मी दाढी करत होतो. आतून पत्रा घासत ओढल्याचा आवाज आला. आई पलंगाखालून ट्रंक बाहेर काढत होती. ज्याच्यासाठी ती थांबली होती तो गेला, आता हीही जाणार. फेस तसाच गालावर ठेवून मी मागोमाग गेलो. तिने ट्रंक ओढत ओढत व्हरांड्यात आणली, झेंड्याच्या बरोबर खाली, भिंतीशी.

मी विचारलं, कुठे निघालीस?

"कुठं जातेय," ती म्हणाली. "माणसं उभी राहतात की. बसायला नको काही?"

मी झाकण उचललं. ट्रंक रिकामी होती. लुगडी कपाटात कधी गेली, मला पत्ताच नव्हता.

तेवढ्यात फाटकाशी एक नवी बाई आली, कडेवर मूल. हेब्बाळकडून नुकतीच गल्लीत राहायला आलेली. आईने तिला ट्रंकेवर बसवलं. मुलाचा गळा तपासून होईतो तिने आईचं बोलणं ऐकलं आणि इथे सगळे विचारतात तसं विचारलं, अक्का, तुमचं ऊरु कोणतं? गाव कुठलं?

"निपाणी," आई म्हणाली. मग तिने ओव्याची पुरचुंडी खाली ठेवली, अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, मोहरीएवढी फट धरली आणि ती त्या बाईला दाखवली. "आणि स्वल्प बेंगळूर."

तेवढंच मी तिच्याकडे इतकी वर्षं मागत होतो. ते मला मिळालं, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. फक्त बोटं त्याची होती.